शोकसभेतल्या एका वाक्याचं शुद्धिपत्रक

प्रज्ञा,

तुझ्या शोकसभेत मी एक वाक्य चुकीचं बोलले. ते मागे घ्यायला हे लिहायला बसले आहे.

जलदानविधी उरकला होता. विहारात सगळे पंखे चालू होते तरी घाम येत होता. गुरुजींनी "आता प्रज्ञाताईंच्या सासूबाई दोन शब्द बोलतील" असं म्हणून माइक माझ्या हातात दिला. घरून कागदावर चार ओळी नीट लिहून नेल्या होत्या, पण चष्मा पर्समध्ये आणि पर्स माझ्या लेकाकडे, मिलिंदकडे. मग तोंडाला आलं ते बोलले. "माझ्या सुनेला एक रविवार सुखाचा मिळाला नाही. शिकता शिकता झिजून गेली पोर. आता तरी तिला विश्रांती मिळो." समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खाली बसले तशी शेजारच्या म्हात्रे वहिनींनी माझा हात दाबला. "खरा बोललीस गो बाय. पोर कवा बसलेली बगितलीच नाय आमी."

मला तेव्हा बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण सगळ्यांना पटेल असं बोललं की बरं वाटतंच.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी कचेरीत आवक-जावक बघण्यात आणि टिपण्या लिहिण्यात गेली. निघालेल्या आदेशात चूक सापडली की आम्ही शुद्धिपत्रक काढायचो. अमक्या ओळीत अमुक ऐवजी तमुक असे वाचावे, खाली साहेबांची सही, विषय संपला. तू हसायचीस त्याला. "आई, चूक झाली तर झाली म्हणायचं ना सरळ. वाचावे काय!" तर आता सरळ म्हणते. चूक झाली.

तू तापाने गेलीस. गुरुवारी कामावर होतीस आणि मंगळवारी नव्हतीस. डेंग्यू होता, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तोच ताप त्याच आठवड्यात आपल्या मजल्यावरच्या बंड्यालाही आला होता, जो सातही दिवस सोफ्यावर लोळत असतो. तो बरा होऊन पुन्हा लोळतोय. पाच दिवसांत कोणी झिजून जात नाही, एवढं मला कळतं. पण अडतिसाव्या वर्षी माणूस गेलं की लोकांना कारण लागतं, आणि तुझे रविवार सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेलेच होते. सगळ्यात आधी माझ्या.

आता पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

लग्न होऊन आलीस तेव्हा तू पावणे गावच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅब असिस्टंट होतीस. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. म्हणून आपल्या घरी मटण शुक्रवारी, डोक्याला तेल शुक्रवारी आणि उशिरा उठणंही शुक्रवारीच. यशू झाल्यावर आपण शुक्रवारलाच 'आपला रविवार' म्हणायला लागलो. त्यापायी मी काय घोळ घातला होता, आठवतंय? यशू नुकती शाळेत जायला लागली होती. एका खऱ्या रविवारी तिला आंघोळ घालून, गणवेश चढवून, डब्यात शिरा भरून मी सानपाड्याच्या शाळेच्या बंद गेटापुढे जाऊन उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "आजी, आज संडे है ना." मी म्हटलं, "आमचा परवाच झाला." संध्याकाळी कामावरून आल्यावर तुला हे सांगितलं, तर तू चपला न काढता दारातच बसून हसलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस.

रंग तपासायचं तुझं काम मला फार मजेशीर वाटायचं. तळाला बारीक भोक असलेला कप, त्यात रंग भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. घट्ट असेल तर जास्त, पातळ असेल तर कमी. त्यासाठी स्वतःच्या पैशाने घेतलेलं स्टॉपवॉच तू गळ्यात अडकवूनच घरी यायचीस आणि माझी कढी पळीने वरून सोडून मोजायचीस. "आई, कालच्या बॅचपेक्षा पातळ आहे. रिजेक्ट." मी चिडायचे. मनातून मला ते आवडायचं. तू गेल्यापासून मी कढी केलेली नाही.

मग तू लॅब इनचार्ज व्हायचं मनावर घेतलंस. तुमचे इनचार्ज सर निवृत्त होणार होते आणि त्या जागेला डिप्लोमा हवा होता. नेरूळच्या एका कॉलेजात तो होता, दोन वर्षांचा, दर रविवारी दिवसभर. पण रविवारी तर कारखाना चालू. तू मालकांना जाऊन सांगितलंस, शुक्रवारी सगळं बंद असतं तेव्हा मी येऊन लॅबमधली यंत्रं तपासून ठेवते, काचेचं सामान धुऊन ठेवते, बदल्यात मला रविवार द्या. ते कबूल झाले. म्हणजे शुक्रवार गेला आणि रविवारही गेला, आणि हे तू घरी येऊन लॉटरी लागल्यासारखं सांगितलंस.

मी म्हटलं, "बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा एक दिवस उतरवतात गं."

"आई, बैलाला प्रमोशन नसतं."

मिलिंद फिस्सकन हसला, त्याचा मला जास्त राग आला. मग मी माझा ठेवणीतला बाण काढला. "प्रमोशन मलाही मिळत होतं. विभागीय परीक्षेचा फॉर्म भरला होता मी. रविवारचे वर्ग असायचे. पण हा सहा वर्षांचा होता, म्हणून सोडलं. आई झालं की काही गोष्टी सोडाव्या लागतात."

तू कणीक मळत होतीस. हात थांबले. "तुम्ही सोडायला नको होतं, आई," म्हणालीस. "आणि मी नाही सोडणार."

उर्मटपणे नाही म्हणालीस. उलट माझ्यासाठी वाईट वाटल्यासारखं म्हणालीस, आणि मला नेमकं तेच झोंबलं. चार दिवस मी तुझ्याशी भाजी-आमटीपुरतं बोलले. ते भांडण तिथून सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही.

दर रविवारी मी उठायचे तेव्हा तू यशूसाठी पोहे झाकून, केस बांधून, चपला शोधत असायचीस. "चालल्या सायंटिस्ट," मी गादीवरूनच म्हणायचे. "येते आई," एवढंच तुझं उत्तर. कधी उलटून बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आता ते सांगते जे तुला माहीत नाही.

तुझं जर्नल घरी राहिलं होतं तो रविवार. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, सरांच्या सह्या असलेलं जर्नल दाखवल्याशिवाय बसू देत नव्हते. तुझा फोन आला, आवाज रडवेला. मिलिंद बाहेर गेलेला. यशूला म्हात्रे वहिनींकडे सोडलं, रिक्षा केली आणि नेरूळ येईपर्यंत तुझ्या नावाने बोटं मोडली. शिपायाने जर्नल आत नेऊन दिलं. मी परत फिरणार, तेवढ्यात दाराच्या काचेतून तू दिसलीस.

अंगात पांढरा कोट, गळ्यात ते स्टॉपवॉच. तुझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान दोन पोरी बाजूला होत्या. त्यातल्या एकीचे हात थरथरत होते, तर तू तिच्या हातातली काचेची नळी नीट धरून दाखवत होतीस. मग काहीतरी बोललीस आणि तिघीही हसलात. ऐन परीक्षेच्या दिवशी! तुझा तसा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. आठवडाभर राबून आलेली बाई मला तिथे दिसलीच नाही. सुट्टीवर आलेली बाई दिसली. मी पाचेक मिनिटं तरी काचेला नाक लावून उभी होते आणि मला तुझा हेवा वाटला. राग नाही, काळजी नाही, चक्क हेवा.

संध्याकाळी आल्या आल्या तू मला मिठी मारलीस. "आई, तुम्ही नसता तर आज वर्ष गेलं असतं माझं." मी म्हटलं, "पुरे. मेथी निवडायची राहिलीय." तुला काचेतून पाहिलं हे तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी टोमणा कुठल्या तोंडाने मारला असता?

पण तुझी बाजू घ्यायची म्हणून आता उलटं खोटं बोलणार नाही. सोसायटीच्या कार्यक्रमात यशूचा नाच होता, रविवारी संध्याकाळी. तू सहापर्यंत येते म्हणालीस आणि साडेआठला आलीस, कारण तुझा कुठलासा प्रयोग फसला आणि पुन्हा करावा लागला. यशू पूर्ण नाच संपेपर्यंत दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तू आलीस तोवर ती मेकअपसकट झोपली होती. ओल्या फडक्याने तिच्या गालावरची लाली पुसताना तू रडत होतीस, आणि मी दारात उभी राहून विचारलं, "मिळालं प्रमोशन?" प्रज्ञा, ते मी बोलायला नको होतं. पण तू यायला हवं होतंस, असं मला आजही वाटतं. यावर आपण भांडायला हवं होतं, मोठ्याने, दोघींनी. तू फडकं पिळून वाळत घातलंस आणि झोपायला गेलीस.

डिप्लोमा झाला. लॅब इनचार्ज झालीस. पेढ्यांचा बॉक्स आधी माझ्या हातात दिलास. मी मनात म्हटलं, सुटलो, आला एकदाचा रविवार घरी. दीड महिन्यात टेबलावर एम.एस्सी.चा फॉर्म! "आई, आधी चहा घ्या, मग बोला." मी चहा घेतला आणि काही बोलले नाही. त्या काचेनंतर माझ्या बोलण्यात तसाही दम उरला नव्हता. त्याच दिवशी तू माझ्यासाठीही एक फॉर्म आणला होतास, विहारातल्या पाली भाषेच्या वर्गाचा. तोही रविवारचा. "या वयात?" म्हणून मी तो पिठाच्या डब्याखाली सारला. अजून तिथेच आहे.

आणि तू त्या नाचाच्या दिवसापासून काही शिकली नाहीस असंही नाही. या खेपेला तू यशूला बरोबर घेतलंस. तिला पळायची आवड, म्हणून नेरूळच्या मैदानावर रविवारी सकाळी सरावाला घातलंस. ती पळायची, तू पायरीवर बसून वाचायचीस, मध्येच तिची वेळ लावायचीस. मग मिलिंद तिला घरी आणायचा आणि तू कॉलेजात. घरी आल्यावर यशू तुमच्या दोघींच्या गप्पा मला सांगायची नाही. "ते आमचं सीक्रेट आहे," म्हणायची. मला तेव्हा थोडं लागायचं. आता वाटतं, बरं झालं तेवढं तरी दोघींनी जमवलंत.

शोकसभेनंतर दोन रविवार कोणी मैदानाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या रविवारी मिलिंदने यशूचे बूट पुसून ठेवले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी त्यातला एक उचलून म्हटलं, "ऊठ बाळा, सर वाट बघत असतील."

"मी नाही जाणार."

"पाय दुखतात का?"

"नाही." मग भिंतीलाच विचारल्यासारखं, "आजी, रविवारी आराम नाही केला की माणूस मरतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तूच. माइकवर."

माझ्या हातातला बूट हातातच राहिला. नऊ वर्षांची पोर ते वाक्य उशाशी घेऊन वीस दिवस झोपत होती. माझ्या त्या वाक्याप्रमाणे तिची आई स्वतःच्या हट्टापायी तिला सोडून गेली होती. चारचौघांत बरं दिसावं म्हणून बोललेल्या तीन ओळींनी मी तुझ्या लेकीला हे शिकवलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिला घेऊन मी खाली फरशीवर बसले. म्हटलं, ताप डासामुळे येतो, रविवारमुळे येत नाही. बंड्याचं उदाहरण दिलं, ते तिला लगेच पटलं. मग काचेतून पाहिलेली तू सांगितली. पांढरा कोट, ती नळी, त्या दोन पोरी, तुझं हसणं. तिने ते दोनदा सांगायला लावलं. आणि मग वकिलासारखं विचारलं, "मग तू आईला सारखी जाऊ नको का म्हणायचीस?"

प्रज्ञा, जे बत्तीस वर्षांत मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही, तुला नाही, ते मी त्या पोरीला सांगितलं. मी परीक्षा मिलिंदसाठी सोडली नव्हती. मिलिंदला सांभाळायला माझ्या सासूबाई होत्या, आणि घरात कोणी एका शब्दाने अडवलं नव्हतं. तीन रविवार मी गेले. चौथ्या रविवारी वर्गात चाचणी होती. दारापर्यंत गेले. आत माझ्यापेक्षा हुशार दिसणारी माणसं नियमांची जाड पुस्तकं चाळत होती. मी तशीच मागे फिरले, बाजारातून दुधी घेतला आणि घरी येऊन म्हटलं, मिलिंदची फार आठवण आली. सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की मी तेच धरून बसले. खरं एवढंच होतं की नापास व्हायला मी घाबरले.

म्हणून तुझं "सोडायला नको होतं" मला झोंबलं. तू मला त्याग केलेली बाई समजून हळहळत होतीस. मी तुला दर रविवारी टोचत होते, कारण तू दारातून आत जात होतीस.

यशूने विचार केला. "म्हणजे तू घाबरलीस आणि आई नाही घाबरली."

"हो."

"ओके," म्हणाली आणि बूट मागितले.

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. मी तुझ्या पायरीवर बसते. तुझ्या एम.एस्सी.च्या जर्नलची पुढची पानं कोरी आहेत, त्यांच्यावर हे लिहिते आहे, रागावू नकोस. येत्या पौर्णिमेला विहारात सगळे जमतील तेव्हा मी माइक मागून घेणार आहे. 'एक रविवार सुखाचा मिळाला नाही' याऐवजी 'रविवार हेच तिचं सुख होतं' असे वाचावे. बघ, पुन्हा 'वाचावे' आलं. सवय जात नाही. मी चुकले, असं म्हणेन. तुझ्याशी मी वाईट वागले आणि तू माझ्याशी चांगली वागलीस, हेही म्हणेन, रडायला आलं तरी.

पायरीवर बसून हे इथवर लिहिलं होतं आणि आता थांबणार होते. पण मघाशी एक गोष्ट झाली, ती घरी जायच्या आधी लिहून ठेवते.

तुझ्या पर्समध्ये ते स्टॉपवॉच सापडलं होतं. एकोणीस पॉइंट चार, असा आकडा त्यावर थांबलेला. तुझ्या अंगठ्याने थांबवलेला. कुठल्या तरी रंगाचा असेल असं मी धरलं आणि ते रुमालात गुंडाळून ठेवलं. कोणाला हात लावू देत नव्हते, कारण काहीही दाबलं की तो आकडा जाणार. आज यशू घरूनच अडून बसली, माझी वेळ लावायला तेच हवं. मोबाइल चालणार नाही. मैदानावर आल्यावर मी रुमाल सोडला खरा, पण हात पुढे होईना.

"यशू, हा आईचा शेवटचा आकडा आहे गं. पुसला जाईल."

तिने वाकून बघितलं. "आईचा नाही, आजी. माझा आहे. आई होती त्या लास्ट संडेला मी एवढ्यात पळाले होते. आई म्हणाली, पुढच्या वेळी याच्याहून कमी आण, मग हा पुसू. तोवर हे कामाला पण नाही काढणार म्हणाली."

असं म्हणून ती रेघेपाशी गेली. वाकली. केस बांधायची तुझी ती निळी पट्टी तिच्या डोक्याला होती. मी स्टॉपवॉच धरून उभी, अंगठा बटणावर, डोळ्यांपुढे सगळं अंधुक.

"आजी, घाबरतेस काय? दाब!"

मी दाबलं, प्रज्ञा.